छोट्या लॅबला क्वालिटी मॅनेजमेंट झेपतं का, की नुसत्या फाइलीच?

साखळीकर_एमएलटी

नमस्कार मंडळी. साखळीला माझी छोटी लॅब आहे. मी स्वतः डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा), एक मुलगी कलेक्शनला, एक टेक्निशियन, आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम पणजीहून येतात (२०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या डॉक्टरचीच सही हवी असं म्हटलं हे इथे सगळ्यांना ठाऊक असेलच). मशिनरी म्हणाल तर सेमी-ऑटो ॲनलायझर, थ्री-पार्ट सेल काउंटर, मायक्रोस्कोप, सेंट्रीफ्यूज आणि घरगुती फ्रिज. रोजचं काम शुगर, क्रिएटिनिन, लिपिड, लिव्हर, सीबीसी, युरीन, पावसाळ्यात मलेरिया-डेंगी वाढतं.

झालं असं, एका पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आमच्याकडे १.४ आलं आणि त्याच आठवड्यात त्यांनी पणजीच्या मोठ्या लॅबमधे केलं तर तिथे १.१. मुलगा दोन्ही कागद घेऊन काउंटरवर उभा, म्हणे तुमचं खोटं की त्यांचं ते एकदाचं सांगा. मी कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेलं सॅम्पल) लावून बघितला, रेंजमधे होता. आता त्या मुलाला काय सांगणार?

त्यातच एक कन्सल्टंट येऊन गेला. म्हणे एनएबीएल (लॅबची राष्ट्रीय मान्यता) करून टाका, सगळी डॉक्युमेंट आम्ही देतो, तुम्ही फक्त सह्या करा. नमुना म्हणून क्वालिटी मॅन्युअल दाखवलं तर त्यात मधेच दुसऱ्याच कुठल्यातरी लॅबचं नाव, आणि जे मशीन आम्ही जन्मात वापरलं नाही त्याची एसओपी (काम कसं करायचं ते लिहिलेला कागद). आणि ह्याचे पैसे मागतो ते ऐकून मी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

पण डोक्यात किडा राहिलाच. आमच्यासारख्या गावातल्या लॅबने खरोखर काय करावं? कंट्रोल रोज दोन लेव्हल लावायचा म्हटलं तर व्हायल परवडत नाही, सध्या सोमवार-गुरुवार लावतो. ईक्यूएएस (बाहेरून आलेलं अनोळखी सॅम्पल लावून होणारी तपासणी) घ्यावं का? आयएसओ १५१८९ (मेडिकल लॅबचं आंतरराष्ट्रीय मानक) वाचायला घेतलं तर दोन पानांत झोप आली. जाणकारांनी साध्या भाषेत सांगा, कन्सल्टंट लोकांनी मेसेज करू नये ही विनंती 🙏

फोंड्याची_बायोकेम

अरे साखळीकर, आधी त्या क्रिएटिनिनचं बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. तू सेमी-ऑटोवर करतोस म्हणजे जॅफी पद्धत, पिक्रेटवाली, बरोबर? पणजीच्या लॅबमधे बहुतेक एन्झायमॅटिक असेल नाहीतर कॉम्पेन्सेटेड जॅफी असेल. साधी जॅफी क्रिएटिनिनसोबत रक्तातल्या प्रोटीन, कीटोन, काही अँटिबायोटिक असल्या भलत्या गोष्टींनाही रंग देते म्हणून आकडा थोडा फुगतो, आणि कॉम्पेन्सेटेडमधे कंपनीने मशीनमधेच ०.३ च्या आसपास वजा करून ठेवलेलं असतं. तुझे १.४ आणि त्यांचे १.१, फरक बरोब्बर तेवढाच! म्हणजे दोघांपैकी कोणी खोटं नसण्याचीही शक्यता आहे. पण हे तुला छातीठोकपणे म्हणता यायला हवं असेल तर तुझं मशीन रोज काय करतंय याचा पुरावा तुझ्याकडे पाहिजे, आणि तो आठवड्यातून दोनदा लावलेल्या कंट्रोलमधून येत नाही.

"कंट्रोल रेंजमधे होता" हे वाक्य मी शेकडो लॅबवाल्यांकडून ऐकलंय. कुठली रेंज? पाकिटातल्या कागदावर छापलेली ना? ती एवढी रुंद असते की आपलं मशीन आत कुठेही भरकटलं तरी कळत नाही. नवीन लॉट आला की आपल्या मशीनवर, आपल्या हाताने वीसेक रीडिंग घ्यायची, स्वतःचा मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरतात ते) काढायचा, आणि मग रोजचा ठिपका लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर मारायचा. ह्या दोघांनी ते १९५० मधे मांडलं, त्यात कॉम्प्युटरसुद्धा लागत नाही, आलेखाची वही आणि पेन्सिल पुरते. वेस्टगार्डचे नियम १९८१ चे. तुला सगळे पाठ करायची गरज नाही. एक ठिपका ३ एसडीच्या बाहेर गेला की थांब. लागोपाठ दोन त्याच बाजूला २ एसडीच्या बाहेर, थांब. एक लेव्हल वर २ आणि दुसरी खाली २, थांब. आणि दहा ठिपके सलग मीनच्या एकाच अंगाला पडले तर रेंजमधे असूनसुद्धा काहीतरी सरकलंय हे ओळख. हळूहळू सरकत गेलं तर बहुतेक लॅम्प म्हातारा झालाय नाहीतर रीजंट उतरतंय, आणि एका दिवसात उडी मारली तर नवीन लॉट नाहीतर नवीन कॅलिब्रेशन. २ एसडीच्या बाहेर एकटा ठिपका साधारण वीसात एकदा नुसत्या योगायोगानेही जातो, त्यासाठी धावपळ करून मनासारखा येईपर्यंत पुन्हापुन्हा कंट्रोल लावणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, ती तर स्वतःच्या डोळ्यात धूळफेक.

आता परवडण्याचं. लायोफिलाइज्ड (सुकवलेल्या) कंट्रोलची ५ मिलीची व्हायल असते ना, ती डिस्टिल्ड वॉटरने बनवताना सिरिंजने नको, ५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक पिपेटने पाणी घाल, अर्धा तास ठेव, मधूनमधून हळू फिरव, खळखळ हलवू नको फेस येतो. मग अडीचशे मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे भाग) करून फ्रीझ कर. सेमी-ऑटोवर बहुतेक टेस्टला १० मायक्रोलिटर लागतात, क्रिएटिनिनला १००, म्हणजे एका अलिकॉटमधे दिवस निघतो आणि एका व्हायलमधून वीस दिवस. इन्सर्टमधे किती दिवस टिकतं ते वाच, टेस्टगणिक वेगळं असतं. बिलिरुबिनला उजेड चालत नाही, फॉइल गुंडाळ. अल्कलाइन फॉस्फटेज बनवल्यावर आपोआप चढतं, ते बघून घाबरू नको पण दरवेळी सारखाच वेळ थांबून लाव.

आणि आता खरी गोम. घरगुती फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हे ठेवलंस तर वाया. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज स्वतःच मधेमधे गरम होऊन बर्फ वितळवतो, त्यात अलिकॉट अर्धवट सुटतात आणि परत गोठतात. छोटा डीप फ्रीझर घे, जुना चालेल, आणि कन्सल्टंटला जे पैसे देणार होतास त्यातले थोडे मॅक्स-मिन थर्मामीटरवर घाल. मॅक्स-मिनच पाहिजे, कारण साधा थर्मामीटर तू बघतोस तेव्हाचं सांगतो. चवथीत लॅब बंद, पाऊस, लाइट गेली आणि रात्रभर आली नाही, तू परत येतोस तेव्हा फ्रिज छान ५ डिग्री दाखवतोय, पण मधे तो २२ पर्यंत जाऊन आला हे फक्त मॅक्स-मिन सांगेल. किट २ ते ८ मधे राहिली की नाही याचा दुसरा साक्षीदार नसतो.

सेमी-ऑटोवर जॅफी करताना वेळ पण बघ हं, फिक्स्ड टाइम टेस्ट आहे ती. सॅम्पल घातल्यावर फोन वाजला आणि तू पाच-दहा सेकंद उशिरा ॲस्पिरेट केलंस (मशीनमधे ओढलंस) की आकडा हलला. दोन टेक्निशियनांचे दोन आकडे येण्याचं निम्मं कारण हेच असतं. बाकीचं रात्री लिहिते, आत्ता ड्युटीवर आहे.

म्हापशेकार

ताई तुमचं सगळं बरोबर, शास्त्र म्हणून मान्य. पण धंदा कसा चालतो तेही बोला. पेशंट पहिला प्रश्न विचारतो "किती घेणार", दुसरा विचारतो "कितीला मिळेल रिपोर्ट". कॅम्पवाले फुल बॉडी चेकअप ज्या भावात देतात त्या भावात मला रीजंटसुद्धा येत नाही. वर काही ठिकाणी रेफर करणाऱ्याला कट द्यावा लागतो, त्यावर कोणी बोलत नाही. क्वालिटीचा खर्च कोण देणार? पेशंट देणार नाही, डॉक्टर देणार नाही, सरकार तर सोडाच. डीप फ्रीझर घ्या, मॅक्स-मिन घ्या, ईक्यूएएस भरा आणि शेवटी शेजारचा बिनकंट्रोलचा माझ्यापेक्षा वीस रुपये कमी घेऊन गिऱ्हाईक नेतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, एवढंच.

(आणि मी कंट्रोल रोज लावतो बरं का, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका.)

डॉ_सत्तरी

मी वाळपई भागात जनरल प्रॅक्टिस करतो. म्हापशेकार, डॉक्टर क्वालिटीला काही देत नाही हे अर्धं खरं आहे, कटवाले आमच्यातच आहेत, ते नाकारत नाही. पण उरलेले आम्ही लॅब कशावरून निवडतो ते सांगतो: रात्री नऊला फोन कोण करतो त्यावरून.

एक केस सांगतो. डेंगीचा सीझन, पंचविशीतला मुलगा, तापाचा चौथा दिवस, प्लेटलेट ३८ हजार असा रिपोर्ट. घरचे गाडी काढून बांबोळीला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला निघालेच होते. मुलगा बघितला तर बरा, पाणी पितोय, कुठे रक्तस्राव नाही, हिमॅटोक्रिट ठीक. लॅबला फोन केला, म्हटलं स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघा. त्या टेक्निशियन बाईने स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे बघितले. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळे (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मग निळ्या टोपीच्या सिट्रेट ट्यूबमधे सॅम्पल घेऊन लावलं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं (सिट्रेटच्या पाण्याने रक्त पातळ होतं म्हणून), तर एक लाख वीस हजारांच्या वर. बांबोळीचा एक बेड वाचला, त्या कुटुंबाची रात्र वाचली. मशीन बिघडलेलं नव्हतं, कंट्रोलही त्या दिवशी रेंजमधेच असणार. म्हणून ताईंनी जे सांगितलं त्यात माझी भर एवढीच की चूक मशीनच्या आधी आणि नंतर जास्त होते. प्लेबानी नावाच्या इटालियन डॉक्टरांचा या विषयावर बराच अभ्यास आहे, त्यांच्या कामात लॅबच्या एकूण चुकांपैकी साठ टक्क्यांच्या पुढे चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच्या निघाल्या.

आमच्या भागात तर हे रोज दिसतं. होम कलेक्शनचा मुलगा सकाळी सातला घाटाखालच्या वाडीत फास्टिंग घेतो, आणखी चार घरं करतो, आणि अकराला लॅबमधे पोचतो. सेपरेट न केलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. म्हणजे खरी १३० असलेली बाई १०० च्या आसपास निघते आणि मी तिला म्हणतो "काही नाही, ठीक आहे". ग्रे ट्यूबमधे फ्लोराइड असतं पण तेसुद्धा पहिले एक-दोन तास पूर्ण जोर धरत नाही. आणि हे कुठे चाललंय, तर गोव्यात, जिथे आयसीएमआरच्या २०२३ मधे छापून आलेल्या इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त!

दुसरा प्रकार पोटॅशियम. मुलगा शहाणा, उन्हात सॅम्पल खराब होऊ नये म्हणून बर्फात घालून आणतो. थंडीत पेशींचे पंप झोपतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, रिपोर्ट ६.२. ईसीजी काढला तर एकदम नॉर्मल. आता सांगा, त्या मुलाची चूक की त्याला दोन ओळी लिहून न देणाऱ्याची? माझ्या ओळखीच्या लॅबने चांगलं केलं, कलेक्शनच्या बॅगेत एक लॅमिनेटेड कार्ड ठेवलंय: आधी निळी, मग लाल-पिवळी, मग जांभळी, शेवटी ग्रे, आणि जांभळीतलं रक्त दुसऱ्या ट्यूबमधे कधी ओतू नये, कारण त्यात पोटॅशियमचंच मीठ असतं. ट्यूबवर वेळ लिहायची. वेळ नसेल तर सॅम्पल परत. बस्स. एसओपी म्हणजे वेगळं काय असतं?

माजी_दारेसलामकर

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ माशेलचा, बरीच वर्षं टांझानियात लॅबमधे होतो, आता घरी. म्हापशेकारांनी विचारलंय खर्च कोण देणार, हा प्रश्न तिकडे आमच्या आधीच्या पिढीनेही विचारला होता.

तिकडची परिस्थिती आकड्यातच बघा. युगांडातल्या कंपालात एक पाहणी झाली होती, शहरात ९५४ लॅब सापडल्या, त्यातल्या ४५ फक्त डब्ल्यूएचओच्या आफ्रिकेसाठीच्या सगळ्यात खालच्या पायरीला उतरल्या. आणि २०१४ मधे छापलेल्या दुसऱ्या पाहणीत सहाराच्या दक्षिणेच्या ४९ देशांपैकी ३७ देशांत आंतरराष्ट्रीय मानकाची एकही लॅब नव्हती, ज्या होत्या त्यातल्या ९१ टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेत. अशा ठिकाणी आयएसओ १५१८९ चं पुस्तक हातात देऊन "करा" म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून २००८ ला मापुतोत सगळे बसले, आणि २००९ ला किगालीत पायऱ्या-पायऱ्यांची पद्धत जाहीर झाली. चेकलिस्ट, त्यावर मार्क, आणि मार्कावर तारे. ५५ टक्क्याला पहिला तारा, मग ६५, ७५, ८५, आणि ९५ ला पाचवा. सोबत ट्रेनिंग होतं, पण वर्गात बसवून सोडून दिलं असं नाही, कार्यशाळा झाली की आपल्या लॅबमधे एक सुधारणा करून दाखवायची, मग पुढची कार्यशाळा.

मला त्यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे घरचा अभ्यास. कुणी नुसतं स्टॉक रजिस्टर सुधारलं, कुणी रिजेक्ट झालेल्या सॅम्पलची वही सुरू केली. ही वही ऐकायला फालतू वाटते. पण कुठल्या वॉर्डातून, कुठल्या शिफ्टला, कशामुळे सॅम्पल परत गेलं एवढं महिनाभर लिहा, मग कळतं की निम्मी हिमोलाइज्ड (पेशी फुटलेली) सॅम्पल एकाच ठिकाणाहून येतायत आणि तिथे कोणीतरी सिरिंजची सुई न काढता रक्त जोर लावून ट्यूबमधे ढकलतंय. नाहीतर आपण नवीन सेंट्रीफ्यूज घेत बसतो, रोग म्हशीला नि औषध पखालीला.

वाईट पण सांगतो. तिकडे बराच पैसा एचआयव्ही कार्यक्रमातून आला, त्यामुळे व्हायरल लोडची खोली एसी, चकचकीत, आणि भिंतीपलीकडे साधी बायोकेमिस्ट्री तशीच. दान आलेली मशीनं चादर पांघरून उभी, कारण रीजंट त्याच कंपनीचं लागतं आणि ते कोण आणणार हे दान देताना कोणी विचारलं नव्हतं. शिकवून तयार केलेला माणूस प्रायव्हेटमधे जातो आणि तारे त्याच्याबरोबर जातात. पण जिथे टिकलं तिथे एकच गोष्ट समान बघितली: लॅबमधे एक माणूस असा की ज्याला रिपोर्ट थांबवायचा हक्क होता आणि थांबवल्याबद्दल कोणी त्याच्यावर ओरडत नव्हतं. मालकाचा भाऊ काउंटरवरून "अरे दे ना लवकर, पेशंट थांबलाय" म्हणणारा असेल तर पाच काय दहा तारे द्या.

आणि आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही हं. पीएचसीतल्या मलेरियाच्या स्लाइडी वरच्या लॅबला क्रॉस-चेकला जातात, टीबीच्या थुंकीच्या स्लाइडी पहिला निकाल न सांगता दुसऱ्याकडून वाचून घेतात, हे एनएबीएलचं नावही न ऐकलेल्या गावांत वर्षानुवर्षं चालू आहे. त्याला कोणी क्वालिटी मॅनेजमेंट म्हणत नव्हतं एवढंच. गोव्यात मलेरिया एवढा खाली आला त्यात त्या स्लाइडी वाचणाऱ्यांचा वाटा आहे.

फोंड्याची_बायोकेम

वा, दारेसलामकर बाब, तुमचं रिपोर्ट थांबवण्याचं पटलं. साखळीकर, तुझ्याकडे तो माणूस कोण हे आजच ठरव आणि मॅडमना सांगून कागदावर लिही.

म्हापशेकारांना उत्तर. भाऊ, तुमचं दुःख कळतं, पण खराब कामाचाही खर्च होतो, तो वहीत लिहिला जात नाही म्हणून दिसत नाही. रिपीट टेस्टचं रीजंट, एक्स्पायर झालेली किट, परत बोलावलेल्या पेशंटची ट्यूब आणि सुई, हे एक महिना मांडून बघा. कटचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो लॅबच्या क्वालिटीचा प्रश्नच नाही.

आता ईक्यूएएस. रोजचा कंट्रोल सांगतो की मशीन कालच्यासारखंच वागतंय, पण काल ते चुकीचंच वागत असेल तर? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तराजू रोज तेच वजन दाखवतो, पण मूळ वजनच झिजलेलं असेल तर गिऱ्हाइकाला माप कमीच. म्हणून बाहेरचं अनोळखी सॅम्पल लागतं. बायोकेमिस्ट्रीचा वेल्लोरच्या सीएमसीचा कार्यक्रम आहे, हिमॅटॉलॉजीचा दिल्लीच्या एम्समधून चालतो, कंपन्यांचेही आहेत. निकाल झेड स्कोअरमधे येतो: २ च्या आत बरा, २ ते ३ कान टवकार, ३ च्या पुढे कारण शोधून लिहून ठेव. आणि तुलना आपल्याच पद्धतीच्या गटात बघायची, तू जॅफीवाल्यांच्यात बघ, एन्झायमॅटिकवाल्यांच्यात नको. कृपा करून ते सॅम्पल पेशंटसारखंच लाव. पाच वेळा लावून सरासरी पाठवणारे, शेजारच्या लॅबला फोन करून "तुला किती आलं" विचारणारे मी बघितलेत, असं करून पैसे भरायचे कशाला?

एनएबीएलचं म्हणशील तर लगेच पूर्ण १५१८९ च्या मागे लागू नको (नवीन आवृत्ती २०२२ ची आहे, कन्सल्टंट २०१२ ची जुनी फाइल खपवत नाही ना ते बघ 😄). एनएबीएलचाच छोट्या लॅबसाठी एंट्री लेव्हलचा वेगळा कार्यक्रम आहे, साध्या नेहमीच्या टेस्टपुरता, तो आधी वाच. एसओपी स्वतः लिही, मराठीत लिही नाहीतर कोकणीत लिही, पण जी मुलगी रक्त काढते तिला वाचता आली पाहिजे. एका टेस्टला एक पान पुरे.

आणि ते सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, पावसाळा! जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोपच्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, मग मलेरियाचा रिंग फॉर्म काय डोंबल दिसणार. ऑइल इमर्शनवर तेल पुसायचंच रोज, आणि मायक्रोस्कोप बंद लाकडी खोक्यात नुसता ठेवायचा नाही, सिलिका जेल घाल, गुलाबी झाली की भाजून निळी कर. युरीन स्ट्रिपची बाटली उघडी टाकू नको, दमट हवेत पॅड बिघडतात. थिक स्मिअर वाळवायला घाई म्हणून स्पिरिट लॅम्पवर धरतात, उष्णतेने ते फिक्स होतं आणि मग हिमोग्लोबिन निघतच नाही. पंख्याखाली ठेव, वेळ लागू दे.

साखळीकर_एमएलटी

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. थर्मामीटर मागवलाय. किट इन्सर्ट काढून वाचलं, आमची जॅफी अनकॉम्पेन्सेटेडच आहे, आणि स्टँडर्ड (मशीन जुळवायचं ठरलेल्या आकड्याचं द्रावण) किटमधलंच पाण्यातलं २ मिग्रॅवालं. त्या पेशंटच्या मुलाला बोलावून दोन्ही पद्धती समजावल्या, रिपोर्टवर आता पद्धतीचं नाव छापतोय, आणि त्याला म्हटलं किडनीचा फॉलोअप एकाच लॅबमधे करा, आमच्याकडे नाहीतर त्यांच्याकडे, पण एकाच. तो शांत झाला. पुढच्या वेळी येतो का ते बघू.

ईक्यूएएस सुरू होईपर्यंत मधला उपाय म्हणून डिचोलीचा एक मित्र आणि वाळपईची एक लॅब, असे तिघं सॅम्पल वाटून घेऊ असं ठरतंय. कसं करायचं? पूल बनवायचा की पेशंटचं सीरम? आणि फरक किती आला तर चालेल?

फोंड्याची_बायोकेम

पूल नको, पेशंटचं उरलेलं सीरमच घ्या, पूलमधे उंच-खाली एकमेकांत मिसळून सगळं मधल्या आकड्यावर येतं. एक कमी, एक मधलं, एक चांगलं उंच असं निवडा, हिमोलाइज्ड आणि दुधासारखं दिसणारं बाजूला काढा. नाव झाकून फक्त नंबर. क्लॉट सुटल्यावर लगेच सीरम वेगळं करा, तीन झाकणवाल्या कपात भरा, संसर्गजन्य समजूनच पॅक करा, आणि स्कूटरच्या डिकीत उन्हात नको. तिघांनी त्याच दिवशी लावायचं आणि आकडे एकाच वेळी ग्रुपवर टाकायचे, आधी कोणी बघायचे नाहीत.

मर्यादा लावायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलीत तर प्रत्येक फरक चालतोच. अमेरिकेच्या क्लियाची (तिथल्या लॅबच्या कायद्याची) २०२५ पासूनची मोजपट्टी घ्या सुरुवातीला: ग्लुकोज ८ टक्के, कोलेस्टेरॉल १० टक्के, क्रिएटिनिन ०.२ किंवा १० टक्के यातलं जे मोठं ते. कडक वाटेल, पण महिन्यातून एकदा करत राहा. तिघांत एकटा कोणी सतत एका बाजूला राहिला तर त्याने आधी पिपेट तपासायची, डिस्टिल्ड वॉटर वजन काट्यावर तोलून. १०० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. काटा मिलिग्रॅम दाखवणारा पाहिजे, वाळपईच्या सोनाराकडे मिळेल.

डॉ_सत्तरी

सोनाराचं खरंच चालेल ताई, पण पंखा बंद करायला सांगा त्याला 😄 साखळीकर, तुमच्या तिघांच्या ग्रुपमधे मलाही घ्या. मी काही लावणार नाही, पण आकडे बघायचेत.